कल्लु ओंदे, कळ्ळु बेरे

आमच्या अथणीच्या घरात डिसेंबरमध्ये एक कागद आला आणि तो महिनाभर देवघराशेजारच्या फळीवर पडून राहिला. वाईनच्या द्राक्षांचा करार होता तो. दोन एकरांत आम्ही सांगू ती जात लावा, आम्ही सांगू तशी वाढवा, फळ आम्ही उचलू, असा त्याचा सारांश. खाली मामंजींच्या सहीसाठी जागा मोकळी ठेवलेली.

मामंजी म्हणजे माझे सासरे. तीस वर्षं द्राक्षबाग सांभाळणारे, दर उन्हाळ्यात बेदाणा करून तासगावच्या सौद्याला नेणारे. घरात सुपारीचंही व्यसन नाही. त्यामुळे कागद नुसता पैशाचा नव्हता. आपण पिकवलेल्या फळाची दारू होणार, हे अत्तींना, म्हणजे सासूबाईंना, पटत नव्हतं. ह्यांचं म्हणणं वेगळं. "बेदाण्याचा भाव कधी वर, कधी खाली. एक तरी पीक ठरलेल्या भावाचं असू दे." मी मिरजेची लेक, या घरातली मराठी सून. दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं काम माझ्याकडे.

वाट काढली ती माझ्या मावशीने. मावशी ग्वाल्हेरला जयेंद्रगंजात राहते. लग्न होऊन शिंद्यांच्या त्या गावी गेली त्याला चाळीस वर्षं झाली, तिच्या मराठीत आता हिंदीही मुरली आहे. फोनवर सगळं ऐकून ती म्हणाली, "अगं, इतका सोचविचार घरात बसून कशाला करता? नाशिकला जा आणि बघून या. मी पण येते. पंजाब मेल मला सरळ नाशिकरोडला सोडते." अत्तींनी एकच अट घातली. आधी त्र्यंबकेश्वराचं दर्शन, मग काय ती वायनरी.

असे आम्ही पाच जण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकला जमलो. आम्ही चौघं दक्षिणेकडून, मावशी उत्तरेकडून.

एकच दगड, अथणीपासून नाशिकपर्यंत

त्र्यंबकेश्वराच्या देवळापाशी मामंजींनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे भिंतीवर हात फिरवला. पेशव्यांच्या काळात, नानासाहेबांनी बांधायला घेतलेलं हे देऊळ काळ्या पाषाणाचं आहे. "आपल्या विहिरीत हाच दगड लागला होता," ते म्हणाले. आम्ही हसलो, पण त्यांचं खरं होतं.

साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या तोंडातून धूर, असं ते चित्र नव्हतं. लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर बसून जो प्रदेश तयार झाला त्याला भूशास्त्रज्ञ ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतला, अर्थ जिना किंवा पायरी. सह्याद्रीच्या डोंगरांना दुरून पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, त्या याच. आज हा काळा बेसॉल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे आणि महाबळेश्वरच्या बाजूला त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते.

अजिंठा-वेरूळची लेणी याच दगडात कोरलेली. नाशिकची पांडवलेणीही याच दगडातली. आणि आपल्या बाजूला आलो तर विजापूरचा गोलघुमट, जो १६५६ मध्ये पुरा झाला, तोही याच काळ्या दगडाचा. बेळगाव जिल्ह्यात हा दगड संपत येतो. गोकाक-बदामीकडे गेलं की तांबूस वाळूचा दगड सुरू होतो. मावशीचं ग्वाल्हेर या काळ्या दगडाच्या पल्याड, उत्तरेला. "आमच्या किल्ल्याखालचा दगड वाळूचा, फिका," ती म्हणाली. "गाडीने खांडवा सोडलं आणि खिडकीतून काळीभोर माती दिसायला लागली, तेव्हा वाटलं, आता माहेर आलं."

जगात ज्वालामुखीच्या मातीवर वाईनची द्राक्षं पिकवणारे प्रदेश बरेच आहेत. इटलीत एटना पर्वताच्या उतारावर बागा आहेत आणि तो पर्वत अजूनही आग ओकतो. ग्रीसच्या सँटोरिनी बेटावर राखेच्या जमिनीत वेल टोपलीसारखी गोल गुंडाळून जमिनीलगत वाढवतात, कारण वारा फार. त्यांच्यापुढे आपला ज्वालामुखी कधीच विझलेला म्हातारा. त्याची राख उरलेली नाही. दगड झिजून झिजून काळी माती झाली. कन्नडमध्ये जिला आपण ‘एरे मण्णु’ म्हणतो ती.

मग त्या मातीची चव वाईनमध्ये उतरते का? वायनरीतली मंडळी तसं रंगवून सांगतात. शास्त्रज्ञांचं मत जरा कोरडं आहे. दगडातली खनिजं जशीच्या तशी पेल्यात येऊन चव देतात, याला पुरावा नाही. माती काम करते ते पाण्याचं. किती पाणी धरते, किती सोडते, मुळांना किती खोल जाऊ देते, यावर वेलीची वाढ ठरते आणि त्यावर फळ. भारी काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, मुळं गुदमरतात. म्हणून वाईनच्या बागेला उताराची, मुरमाड, पाणी निचरून जाणारी जमीन बरी. हे ऐकताच मामंजी म्हणाले, "माळाचे दोन एकर मागतात, ते यासाठी होय!"

बागेत : ओळखीची वेल, अनोळखी फळ

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला निघालो. नाशिकच्या वाईनची ही पेठच. इथल्या सावरगावात राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये वाईनच्या द्राक्षांची लागवड केली, २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आणली आणि कंपनीला आपल्या आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून ‘सुला’ नाव दिलं. २००५ मध्ये त्यांनी लोकांना बसून चव घेता येईल अशी खोली उघडली. वायनरी पाहायला जाणं ही सहल होऊ शकते, हे आपल्याकडे तेव्हापासून लोकांच्या अंगवळणी पडलं. आज याच रस्त्यावर यॉर्क, सोमा अशी नावं दिसतात आणि इगतपुरी तालुक्यात संजेगावच्या बाजूला आणखी काही. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

पण आम्ही आधी बागेत गेलो. मामंजींचा हट्टच होता तो.

आपल्याकडे द्राक्षबाग म्हणजे डोक्यावर मांडव आणि खाली लोंबणारे घड. इथे वेल पडद्यासारखी उभी होती, तारांवर बांधलेली, आणि घड गुडघ्याच्या जरा वर. मणी अगदी लहान, मटाराएवढे. मामंजींनी एक मणी तोडायची परवानगी मागितली, चावला आणि तोंड वाकडं केलं. साल जाड, आत बी आणि रस मात्र मधासारखा गोड. खिशातून स्वतःचा रिफ्रॅक्टोमीटर काढून त्यांनी काचेवर थेंब टाकला. साखर तेवीसच्या वर. खायची द्राक्षं आपण अठरा-एकोणीसला उतरवतो. बेदाण्याला मात्र आपणही एवढी साखर चढू देतो.

सोबतचा माहितगार मुलगा जवळच्याच गावचा होता. मामंजी मोडक्या मराठीत विचारत होते, तो खुलून उत्तरं देत होता.

"जीएचं डिपिंग किती वेळा?"

"एकदाही नाही, बाबा. आम्हाला मणी मोठा नकोच."

जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. मणी लांबट आणि फुगीर व्हावा म्हणून खायच्या द्राक्षांचे घड आपण त्यात बुडवतो. वाईनला उलटं हवं. वाईनचा रंग, वास आणि तुरटपणा सालीत असतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून एकरी उतारा मुद्दाम कमी ठेवतात, घड विरळतात. खायच्या द्राक्षांच्या जवळपास निम्म्यावरच समाधान मानायचं.

बाकी कामं ओळखीची. युरोपात थंडीत वेल झोपते आणि वसंतात फुटते. आपल्याकडे वेलीला झोपच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरडछाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. छाटण्या दोन, फळ एकदाच. खालचं खुंट डॉगरिजसारखं, पाण्याची ओढ आणि खारटपणा सोसणारं, आणि वर कलम. पुण्याजवळ मांजरीला १९९७ मध्ये राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झालं, तिथली शिफारस आपल्याकडे जशी मानतात तशी इथेही.

जाती मात्र परदेशी. शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों. तास-ए-गणेश आणि सोनाका म्हणायला सवयीच्या झालेल्या जिभेला ही नावं अवघडच. अत्तींनी ‘शिराझ’चं ‘शिराळं’ केलं आणि दिवसभर तेच चाललं.

फरक होता तो थंडीचा. नाशिक-निफाडच्या बाजूला डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. दिवसा ऊन, रात्री गारठा, यामुळे फळात साखर चढते आणि आंबटपणाही टिकून राहतो. मामंजी शाल घट्ट करत म्हणाले, "आपल्याकडे इतकी थंडी पडते का, हे बघावं लागेल." तोवर त्यांनी करारातलं एकही कलम काढलं नव्हतं. हा पहिला प्रश्न होता.

वायनरीत : साखरेची गोष्ट

आत मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या. दुधाच्या डेअरीत असतात तशा, पण उंच. भिंतींतून गार पाणी फिरतं. द्राक्षं पहाटे तोडून लगेच आणतात, देठ वेगळे करतात, मणी फोडतात. पुढे काम यीस्टचं. यीस्ट रसातली साखर खातं, तिचा अल्कोहोल होतो आणि कार्बन डायॉक्साइड वायू उडून जातो. इडलीचं पीठ रात्रीत फुगतं, तसाच हा प्रकार. फक्त इथे दिवस लागतात आणि तापमान काटेकोर सांभाळावं लागतं.

पांढऱ्या वाईनला साल आधीच काढून फक्त रस आंबवतात. लाल वाईनला सालीसकट. गुलाबी हवी असेल तर साल काही तासच ठेवायची. म्हणजे काळं द्राक्ष असलं म्हणून वाईन लालच होईल असं नाही, हे आम्हाला तिथे कळलं. ७५० मिलीच्या एका बाटलीला साधारण किलोभर किंवा थोडी जास्त द्राक्षं लागतात आणि अल्कोहोल साधारण बारा-तेरा टक्के उतरतो.

पुढच्या खोलीत ओकच्या लाकडाची पिंपं रांगेत होती. काही लाल वाईन त्यांत महिनोन्महिने ठेवतात. मावशीने वास घेतला आणि म्हणाली, "अगदी लोणच्याच्या जुन्या कोठीसारखं वाटतंय." माहितगार मुलगा हसला. म्हणाला, "मॅडम, लोक व्हॅनिला म्हणतात, पण तुमचंही बरोबर आहे."

मामंजी हिशेब करत होते. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, एका किलोची एक बाटली.

चव : नाकाला दारूबंदी नाही

मग ते टेबल आलं. प्रत्येकापुढे पाच लहान पेले, प्रत्येकात दोन घोट. चवीला बसवण्याआधी वय विचारतात, २१ च्या खालच्यांना पेला मिळत नाही. मामंजी आणि अत्तींनी आधीच सांगितलं, आम्हाला नको. कोणी आग्रह केला नाही. अत्तींना द्राक्षाचा साधा रस मिळाला आणि मामंजींनी चहा मागितला.

चव घेण्याची रीत सोपी आहे. पेला दांडीला धरायचा, म्हणजे हाताची ऊब लागत नाही. पांढऱ्या कागदासमोर रंग बघायचा. पेला हलकेच फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा. मग लहान घोट, तो तोंडभर फिरवायचा आणि हवा तर गिळायचा, नाहीतर शेजारच्या भांड्यात थुंकायचा. थुंकणं हे तिथे असभ्य नाही. रोज चव घेणारे जाणकार थुंकतातच, नाहीतर दुपारपर्यंत काम कसं करतील?

पहिली शेनिन ब्लां. मी, ह्यांनी आणि मावशीने वास घेतला. फळासारखा काहीतरी, पण नाव सुचेना. ह्यांनी पेला सहज अत्तींपुढे धरला. "नुसता वास घे." अत्तींनी पदर सावरून जरा दुरूनच हुंगलं आणि एका क्षणात म्हणाल्या, "पेरल हण्णु." पेरू! आणि खरंच पेरूच होता तो, पिकायला आलेला. माहितगार मुलाने टाळी वाजवली.

त्यानंतर अत्तींना खेळच सापडला. सोव्हिन्यों ब्लांमध्ये त्यांनी ढोबळी मिरची ओळखली, शिराझमध्ये मिरी. एक थेंबही तोंडात न घालता! आम्ही तिघं पिणारे मागे पडलो. आयुष्यभर मसाले भाजताना, लोणची घालताना, आंबा पिकला की नाही हे हुंगून ठरवताना जे नाक तयार झालं होतं, त्यापुढे आमचं काय चालणार?

लाल वाईनचा घोट घेतला आणि जीभ कोरडी पडली. मावशी म्हणाली, "कसैला." मी म्हटलं, "तुरट." हे म्हणाले, "ओगरु." एकाच चवीला तीन भाषांत तीन शब्द, आणि तिघांच्या डोळ्यांपुढे आलं काय, तर मावशीच्या कच्चा आवळा, माझ्या हिरडा, ह्यांच्या सुपारी. हा तुरटपणा सालीतला आणि बियांतला. इंग्रजी पुस्तकांत दिलेली फळं आपण कधी खाल्लेली नसतात, म्हणून वाईन आपल्याला कळत नाही असं वाटतं. पण आंबट, गोड, तुरट. हुळि, सिही, ओगरु. हे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत. दोन भाषांच्या घरात तर दुप्पट.

तेवढ्यात मामंजींनी शिराझचा पेला उचलला, नाकाजवळ नेला, खाली ठेवला आणि खिडकीबाहेरच्या बागेकडे बघत म्हणाले, "कल्लु ओंदे, कळ्ळु बेरे."

कन्नड येणाऱ्यांना कोटी लगेच कळेल. दगड एकच, दारू वेगळी. मराठीत सांगायला गेलं की तिची गंमत जाते, म्हणून मावशीला समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली.

दिंडोरीची दुपार

सहल इथे संपली असती. पण फळीवरचा कागद डोक्यात होता. ओळखीतून आम्ही दुपारी दिंडोरी तालुक्यातल्या एका बागायतदारांकडे गेलो. त्यांनी कधीकाळी वाईनची द्राक्षं तीन एकरांत लावली होती, आज एकरभर आहेत.

त्यांनी सांगितलं ते असं. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. करात सवलती मिळाल्या, विंचूरला आणि आपल्या सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क झाले. कर्नाटकानेही २००७ मध्ये स्वतःचं वाईन धोरण केलं. नाशिकमध्ये धडाधड वायनऱ्या उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांनी करार करून बागा लावल्या. मग २००८ ची जागतिक मंदी आली, त्याच नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं आणि पर्यटन थंडावलं. टाक्यांत आधीचीच वाईन पडून होती. पुढची दोन-तीन वर्षं कित्येक वायनऱ्यांनी फळ उचललं नाही किंवा उचललं ते पडत्या भावाने. कित्येकांनी बागा उपटल्या.

"खायची द्राक्षं पडून राहिली तर बेदाणा करता येतो," ते म्हणाले. "ही कुठे नेणार? बाजारात कोणी घेत नाही. मणी बारीक, आत बी. वाळवली तरी बेदाणा होत नाही. घेणारा एकच. त्याने दार लावलं की संपलं."

मामंजी चहाचा कप हातात धरून बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारलं, "मग हा एकर का ठेवला?"

"तो ज्यांच्याकडे जातो, ते वेळेवर पैसे देतात. आणि औषधं, मजुरी कमी लागते. वाईट पीक नाही हो. पण सगळे पैसे एकाच गाडीत चढवू नका."

ही एका माणसाची गोष्ट आहे. करार पाळणाऱ्या वायनऱ्या आहेत आणि वर्षानुवर्षं त्यांच्याशी बांधलेले समाधानी शेतकरीही आहेत. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला मोहिते-पाटील आणि इटलीच्या सेच्ची बंधूंच्या भागीदारीतून ‘फ्रातेल्ली’ उभी राहिली, पिएरो मासी नावाच्या इटालियन जाणकाराने तिथे वाईन घडवली. कर्नाटकात नंदी टेकड्यांजवळ ग्रोव्हर कुटुंबाने १९८८ मध्ये बाग लावली. त्यांची कंपनी २०१२ मध्ये नाशिकच्या झांपाशी एकत्र झाली. एकाच कंपनीचं एक पाऊल तिकडच्या ग्रॅनाइटवर आणि दुसरं इकडच्या बेसॉल्टवर. तेव्हा पीक चालतं. प्रश्न चालतं की नाही हा नाही. न चाललं तर नुकसान कोणाच्या अंगावर, हा आहे.

बाजारही अजून लहानच आहे. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. शेतकऱ्याला फायदा होईल, असं सांगितलं गेलं. विरोधही जोरदार झाला आणि निर्णय अंमलात आला नाही. दोन्ही बाजू शेतकऱ्याचं आणि कुटुंबाचंच नाव घेत होत्या. आमच्या घरात तर त्या दोन्ही बाजू एकाच पंगतीला जेवतात.

आणि आभाळाचं काय सांगावं? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आणि नोव्हेंबर २०२३ मधली निफाडची गारपीट नाशिककर विसरलेले नाहीत. गारा खायचं द्राक्ष आणि वाईनचं द्राक्ष असा भेद करत नाहीत.

जाणार असाल तर

वायनरी पाहायची तर जानेवारी ते मार्च हा काळ बरा, कारण तोडणी आणि गाळप चालू असतं. शनिवार-रविवारी गर्दी होते, आधी फोन करून वेळ ठरवावी. सकाळी जावं, पोटभर नाश्ता करून. जो गाडी चालवणार त्याने एक घोटही घेऊ नये, शक्यतो भाड्याची गाडी करावी. मुलांना नेता येतं, पण चवीच्या टेबलापासून त्यांना लांब ठेवून कोणीतरी बागेत फिरवावं.

बाटली घ्यायची असेल तर बिल जपून ठेवावं. आपण सीमेवरची माणसं, राज्य ओलांडलं की उत्पादन शुल्काचे नियम बदलतात. किती बाटल्या नेता येतात ते आधी विचारून घ्यावं.

आणि वाईन हृदयाला चांगली असते वगैरे जे सांगतात, ते मनावर घेऊ नये. अल्कोहोलची कोणतीही मात्रा निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. चव घ्यायची तर चवीपुरती. अत्तींसारखं नुसतं हुंगलं तरी सहल वाया जात नाही.

एक विनंती मात्र करते. पेल्याआधी बाग बघा. आणि वायनरीत वाईनचं वय विचारता, तसं एकदा हेही विचारा, की द्राक्षं कोणाची, आणि त्यांना पैसे किती दिवसांत मिळतात?

फळीवरचा कागद

नाशिकरोडला मावशीला गाडीत बसवलं. ती खिडकीतून म्हणाली, "जयेंद्रगंजात जाऊन सांगते सगळ्यांना, की माझ्या भाचीच्या सासूचं नाक म्हणजे कमाल आहे!" अत्ती लाजल्या.

घरी आल्यावर मामंजींनी कागद फळीवरून काढला, चष्मा लावला आणि माझ्याकडून एकेक कलम वाचून घेतलं. फळ उचलायची तारीख होती. साखर किती हवी ते होतं. साखर कमी भरली तर भाव किती कापायचा, तेही होतं. कंपनीने फळ उचललंच नाही तर काय, यावर एक ओळही नव्हती.

"दुड्ड यार कोडतार?" मामंजींनी विचारलं. पैसे कोण देणार?

त्यांनी सही केली नाही. कागद फाडलाही नाही. समासात पेन्सिलने तीन प्रश्न लिहायला सांगितले. फळ नाही उचललं तर भरपाई किती? पैसे किती दिवसांत? लागवडीचा खर्च कोणाचा, कारण वेल तिसऱ्या वर्षी कुठे धड पीक देते आणि मग पंधरा वर्षं जागा अडवते? हे प्रश्न लिहून आम्ही कागद परत पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.

माळाचे दोन एकर तसेच पडून आहेत. देवघराशेजारच्या फळीवर आता नाशिकहून आणलेला मुरमाचा एक खडा आहे, आणि शेजारी आमच्या विहिरीतला एक. आला-गेला दोन्ही उचलून बघतो. कुठला कोणता, हे अजून कोणाला ओळखता आलेलं नाही.